फ्रेम धरणारी

बाई, हॉस्पिटलमधल्या त्या सिस्टरला मी तुमची कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"पेशंटच्या कोण तुम्ही?" असं तिनं विचारलं तेव्हा मी जरा थांबले. उत्तर नव्हतं असं नाही, पण जी होती त्यातलं एकही तिच्या कागदावर बसणारं नव्हतं. तेवढ्यात तुम्हीच तोंडावरचा मास्क बाजूला केलात आणि म्हणालात, "माझी फ्रेम धरते ती."

"म्हणजे?"

"म्हणजे मी रंग ओढते, ती फ्रेम धरते. लावू का आता हा मास्क परत?"

तिला वाटलं तुम्ही तापात बरळताय. तिनं 'नातेवाईक' असं काहीतरी लिहिलं आणि ती पुढच्या कॉटकडे गेली. मला इतकं हसू आलं होतं की मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. घरी आल्यावर चहा घेताना तुम्हाला हे सांगायचं, असं मी ठरवलं होतं. ते राहिलं, म्हणून आता सांगतेय.

तुम्ही माझ्या सासूबाई होतात. मग आशिषचा आणि माझा घटस्फोट झाला आणि तुम्ही माझ्या कुणीच उरला नाहीत. कायद्यानं नाही आणि लोकांच्या हिशेबानंही नाही. मधलं जे उरलं होतं, ते दर रविवारी तुमच्या डायनिंग टेबलावर असायचं.

लग्नानंतरचा पहिला रविवार मला नीट आठवतो. मी यवतमाळहून नोकरीसाठी पुण्यात आलेली, सदाशिव पेठेतल्या घरात कसं वावरायचं याच्या धास्तीत असलेली. कांदा कुठे ठेवतात हे विचारायलाही मी आधी मनात वाक्य जुळवून घ्यायचे. तुम्ही टेबलावर ब्लँकेट पसरलं होतं, त्यावर जुनी चादर, आणि चादरीवर उशीची कोरी खोळ टाचण्यांनी ताणून लावलेली. हातात लाकडी फ्रेम, तिच्यावर बारीक जाळीचं कापड घट्ट बसवलेलं. जाळीखाली वर्तमानपत्राचा कागद, आणि त्या कागदात कात्रीनं कापून काढलेल्या शेवग्याच्या शेंगा.

"हात रिकामे आहेत का?" तुम्ही विचारलंत. "मग ही धर. दोन्ही बाजूंनी दाबून. बोललीस तरी चालेल, हलायचं नाही."

मी धरली. तुम्ही वरच्या कडेला हिरवा रंग ओतलात, रबराची पट्टी दोन्ही हातांत घेतलीत आणि एका दमात स्वतःकडे ओढलीत. परत एकदा. "आता उचल. एका बाजूनं, दार उघडतात तशी." खाली कापडावर शेंगा उमटल्या होत्या, ओल्या, कडा अगदी स्वच्छ. मी दिवसभर ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी बाई. माझ्या हाताखाली काहीतरी तयार झालेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तुम्ही काही कौतुक केलं नाहीत. "बरं आहे. हलली नाहीस," एवढंच म्हणालात. नंतर मला कळलं की तुमच्याकडे याच्या वरची पदवी नव्हती.

आशिषचं आणि माझं फारसं भांडण असं झालंच नाही. आम्ही हळूहळू एका घरातल्या दोन भाडेकरूंसारखे झालो. त्याला बंगळूरला नोकरी लागली, मी गेले नाही, त्यानं फार आग्रह केला नाही, आणि एक दिवस आम्ही कागदांवर सह्या केल्या. तुम्ही या सगळ्यात एक शब्द बोलला नाहीत. त्याची बाजू घेतली नाहीत, माझीही नाही. मी पुण्याबाहेर मांजरी गावात, उसाच्या शेतांशेजारी उभ्या राहिलेल्या नव्या बिल्डिंगांमध्ये एक फ्लॅट भाड्यानं घेतला आणि खोकी सोडत बसले.

सह्या झाल्या त्याच शनिवारी तुमचा फोन आला. "उद्या येतेस ना? दोन रंगांचं काम आहे."

"आई, आता मी कशी येऊ?"

"स्कूटरवर."

मी गेले. दारातच तुम्ही म्हणालात, "आणि हे बघ, आता आई म्हणू नकोस. दर वेळी म्हणताना अडखळशील आणि मला ते ऐकावं लागेल. बाई म्हण. आख्खी शाळा म्हणायची." तुम्ही जन्मभर ड्रॉइंग शिकवलंत, त्यामुळे ते नाव तुम्हाला बसलेलंच होतं. मला मात्र त्या क्षणी वाटलं, चला, हेही गेलं. दोन-तीन रविवार गेल्यावर समजलं की तुम्ही काही काढून घेतलं नव्हतं. जुन्या नावाला आता कुणी आक्षेप घेऊ शकलं असतं. 'बाई' म्हणायला कुणाची हरकत नव्हती.

आपले रविवार कुणाला सांगितले तर फार साधे वाटतील. सकाळी कागदाची स्टेन्सिल कापायची. दहापर्यंत पहिला रंग. तो वाळेपर्यंत भात-आमटी. मग दुसरा रंग, मग बाथरूमच्या नळाखाली जाळ्या धुणं, कारण रंग जाळीत वाळला की ती जाळी कायमची गेली. शेवटी कापड उलटं करून इस्त्री, म्हणजे रंग पक्का बसतो. मी एकदा बिजागऱ्या विकत आणल्या होत्या. फ्रेम फळीला जोडून टाकली की धरायला माणूस लागत नाही, एकटीलाही छापता येतं, असं मी उत्साहानं सांगितलं. तुम्ही त्या उलटसुलट करून पाहिल्यात. "छान आहेत. बोलता येतं का यांना?" असं विचारलंत आणि त्या स्क्रू ड्रायव्हरच्या डब्यात टाकून दिल्यात.

शाळेत जायची कल्पना तुमची. आमच्या मांजरीतल्या शाळेत महिन्यातून एकदा, शनिवारी, सातवीच्या मुलींना छपाई शिकवायला. तिथे फ्रेम परवडणार नाहीत म्हणून तुम्ही भरतकामाच्या गोल रिंगा घेतल्यात, त्यात जुन्या ओढणीचं झिरझिरीत कापड ताणलंत, आणि रबराच्या पट्टीऐवजी जाड पुठ्ठ्याचे तुकडे. "महागाचं सामान असलं की मुलं घाबरून छापतात," तुम्ही म्हणायचात. मुली त्यांना दिसतं तेच कापून आणायच्या. विळा, कोंबडी, पाण्याचा टँकर. आरती नावाच्या मुलीनं उसानं भरलेली ट्रॉली कापली होती, आणि ऐन वेळी तिच्या मैत्रिणीचा हात हलला. चाकं दोनदा उमटली. आरती रडकुंडीला आली. "मोठ्या बाई, माझं चुकलं."

"चुकलं नाही. हललं," तुम्ही म्हणालात. "नीट बघ त्याच्याकडे."

तिनं बघितलं. मग म्हणाली, "आता ही पळतीय असं वाटतंय."

"मग झालं तर."

याच शाळेवरून आपला तो वाद सुरू झाला, जो अजून संपलेला नाही. मला दिवा आणायचा होता. जाळीवर उजेडानं घट्ट होणारं द्रावण लावायचं, वर चित्राची पारदर्शक प्रत ठेवायची, दिवा लावायचा. जिथे उजेड पोचतो तिथे जाळी बंद होते, बाकीची धुतली की मोकळी. फोटोसुद्धा जसाच्या तसा छापता येतो. ज्या मुलींना चित्र काढायची भीती वाटते त्यांना याचा उपयोग होईल, असं माझं म्हणणं. तुम्ही ऐकायला तयार नव्हतात. "त्या चित्राला भीत नाहीत गं, आपल्या दोघींच्या चेहऱ्यांना भितात. आणि फोटोत सगळंच येतं. काय ठेवायचं आणि काय कापून टाकायचं, हे कात्री हातात असल्याशिवाय ठरवता येत नाही."

"तुम्हाला नवीन काही नकोच असतं," मी म्हटलं. जरा जोरातच.

तुम्ही उठून जाळ्या धुवायला घेतल्यात. मी निघताना चप्पल घालत होते तेव्हा आतून आवाज आला. "आण तुझा दिवा पुढच्या रविवारी. मी खुर्चीत बसून बघेन. टाळ्या वाजवणार नाही."

पुढच्या रविवारी तुम्हाला ताप होता. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात, छातीत कफ भरून. दिवा माझ्याकडे खोक्यातच आहे. आता मला अडवणारं कुणी नाही, बाई. एकदा खोकं उघडलं, वायर सोडवली आणि परत गुंडाळून ठेवली. कुणी नको म्हणत नसेल तर त्या दिव्यात एवढं काय होतं, ते मला आठवेना.

आशिष आला त्या संध्याकाळी मी पास त्याच्या हातात दिला. पेशंटजवळ एकाच माणसाला थांबायची परवानगी होती आणि तो मुलगा होता. योग्यच होतं. तुम्ही झोपला होतात. मी तुमच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि खाली आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला: आई गेली, दुपारी वैकुंठ स्मशानभूमीत. तिथे मी मागे उभी होते, तुमच्या जुन्या विद्यार्थिनींमध्ये. केस पिकलेली एक बाई शेजारी येऊन उभी राहिली. डोळे पुसत तिनं मला विचारलं, "तुम्ही कितव्या बॅचच्या?"

"शेवटच्या," मी म्हटलं.

ऑफिसात अशा रजेसाठी नातं निवडावं लागतं. आई, वडील, सासू, सासरे, असे पर्याय दिलेले असतात. मी 'सासू'वर बराच वेळ बोट ठेवून बसले, मग साधी रजा टाकली. तुमची बातमी कळून माझ्या आईचा यवतमाळहून फोन आला. माझा आवाज ऐकूनच तिनं ओळखलं. "काहून रडतं वो एवढी? काय नातं राह्यलं होतं तुह्यं त्याइच्याशी?" तिला टोचायचं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पोरीला एवढं काय दुखतंय, हे आईला कळायला हवंच. पण मी म्हटलं, "काही नाही गं, सर्दी झालीय," आणि तिनंही ते ऐकून घेतलं.

शाळेचा शनिवार आला. तिथल्या सुनंदा मॅडमनी विचारलं, रद्द करायचं का. मी नको म्हटलं. रिंगा, पुठ्ठे, रंगाचे डबे पिशवीत भरून गेले. मुली दाराशीच उभ्या. "मोठ्या बाई न्हाई आल्या?"

"मोठ्या बाई वारल्या," मी सांगितलं. तुम्हाला गोल गोल बोललेलं आवडायचं नाही.

काही जणींनी एकमेकींचे हात धरले. मग आरतीनं विचारलं, "मंग आता तुमी एकट्याच हाय का?"

"हो."

तिनं मान हलवली, जशी मोठी माणसं हलवतात, आणि पिशवीतून रिंगा काढायला लागली. मुलींनी आपापल्या जोड्या केल्या. एक धरायची, दुसरी ओढायची, मग अदलाबदल. मला वाटलं होतं की मला जमणार नाही, गोंधळ होईल. तसं काहीच झालं नाही. सगळं इतकं सुरळीत चाललं की मी बाकांच्या मधून नुसती फिरत होते, रिकाम्या हातांनी. कुणालाच माझी गरज लागत नव्हती. तुम्ही हे शिकवून ठेवलं होतंत, यासाठी मी तुमची ऋणी आहे. पण तो एक तास मला फार जड गेला.

आणि मग आशिषचा फोन आला. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. "फ्रेम, रंग, कापडं, एवढं सामान आहे. याचं काय करायचं मला कळत नाही. तू रविवारी येशील का?"

गेले. केतकीनं दार उघडलं. आशिषच्या बायकोला मी पहिल्यांदाच भेटत होते. तिनं चहा केला, माझी चौकशी केली, आणि थोड्या वेळानं "मी जरा बाजारात जाऊन येते," म्हणून आपणहून बाहेर पडली. चांगली आहे, बाई. तुम्ही तिच्याबद्दल कधी काही बोलला नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

आम्ही दोघं जमिनीवर बसून फ्रेम वेगळ्या करत होतो. फाटलेल्या एकीकडे, शाळेसाठी चालतील त्या एकीकडे. आशिष एक जाळी उजेडात धरून पाहत होता. एकदम म्हणाला, "माझ्यावर तिचा राग होता ना, शेवटपर्यंत?"

"का?"

"माझ्याशी ती कधी नीट बोललीच नाही. मला फक्त रविवारी वेळ मिळायचा. मी दुपारी फोन करायचो, आणि ती दोन मिनिटांत, काम चाललंय, ठेवते. कायम. कुठलाही रविवार असो. मला वाटायचं, तुझ्या-माझ्या प्रकरणाबद्दल ती शिक्षा करतेय मला. आईला विचारणार कसं? मग मीही लवकर ठेवायला लागलो."

मी हातातली फ्रेम खाली ठेवली. मला ते दुपारचे फोन आठवले. पहिला रंग वाळत असायचा, आपण जेवायला बसलेल्या असायचो. फोन वाजला की तुम्ही त्याच्याकडे बघायचात आणि मग माझ्याकडे. उचलून दोन वाक्यं बोलायचात आणि ठेवून द्यायचात. "कोण?" असं मी सुरुवातीला एकदा विचारलं असेन. "काही नाही, असंच," म्हणालात. त्यानंतर मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तुम्हाला फोनचा कंटाळा आहे.

"आशिष," मी म्हटलं, "मी समोर असायचे."

"कुठे?"

"इथे. दर रविवारी. त्या तुझ्यावर रागावल्या नव्हत्या. माझ्यासमोर तुझ्याशी बोलायचं नाही, म्हणून फोन ठेवायच्या."

त्याला हे माहीतच नव्हतं, बाई. मी इथे येते हे तुम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतंत. हॉस्पिटलमध्ये मी दिसले ते आजारपणापुरतं, असं त्याला वाटलं होतं. त्यानं जाळीवरचा वाळलेला रंग नखानं खरवडला. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं..." आणि पुढचं वाक्य त्यानं सोडून दिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

राग मला आला, आणि तुमचा आला. मी एवढी नाजूक नव्हते. "आशिषचा फोन आहे," एवढं म्हणाला असतात तर मी ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसले असते. खाली रस्त्यावरच्या गाड्या बघत तुमचं बोलणं संपायची वाट पाहिली असती. तुम्ही मला हे एकदाही करू दिलं नाहीत. दोघांना सांभाळायला निघालात आणि दोघांनाही न विचारता ठरवून टाकलंत, कुणाचं काय ठेवायचं आणि कुणाचं काय कापायचं. हा वाद मला तुमच्याशी समोरासमोर घालायचा होता. तुम्ही काय उत्तर दिलं असतंत तेही मला साधारण माहीत आहे, आणि तरी ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. माझ्या वाट्याला आलेले सगळे रविवार खरं तर दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून आलेले होते. ते मला मिळाले म्हणून मी त्या काळात वेडी झाले नाही, हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी मी मनात एकाच वेळी धरून बसले आहे आणि त्यातली कुठलीच खाली ठेवता येत नाही.

आशिष उठून पाणी पिऊन आला. "काय बोलायची ती?" त्यानं विचारलं. "दिवसभर काय करायचात तुम्ही दोघी?"

मग मी त्याला सांगायला बसले. आधी अडखळत, मग सलग. तुम्ही आमटीत गूळ जास्त घालायचात आणि मान्य करायचा नाहीत, ते. टीव्हीवरच्या बातम्यांना उलट उत्तरं द्यायचात, ते. गुडघे दुखायला लागल्यावर जिना उतरताना तुम्ही पायऱ्यांना नावं ठेवायचात. निळ्या रंगात चिमूटभर काळा घातल्याशिवाय तुम्हाला तो निळा वाटायचाच नाही. एकदा वाळत घातलेल्या टेबलक्लॉथवर मांजर चालून गेलं आणि तुम्ही त्याच्या पावलांची स्टेन्सिल कापून तीच नक्षी पूर्ण कापडभर केलीत. तो मध्येमध्ये हसत होता, मध्येच "थांब," म्हणून डोळे पुसत होता, आणि "अजून सांग," म्हणत होता. केतकी परत आली, दाराशी क्षणभर थांबली आणि पाय न वाजवता आत गेली. मी सांगत राहिले. मला आठवत होतं ते सगळं सांगितलं, लहानसहानसुद्धा, कुणाला कधी सांगेन असं वाटलं नव्हतं तेही. त्याचं होतं ते त्याला द्यायलाच हवं होतं.

निघाले तेव्हा दिवेलागण झाली होती. शाळेसाठी निवडलेल्या फ्रेम आशिषनं खाली आणून स्कूटरला बांधून दिल्या. "नीट जा," म्हणाला. मी हडपसरच्या गर्दीतून मांजरीला आले, कुलूप उघडलं, फ्रेम भिंतीला टेकवून ठेवल्या आणि चपला न काढता खुर्चीवर बसले. सकाळपर्यंत हे घर तुमच्या बोलण्यानं भरलेलं होतं. ते माझ्या एकटीजवळ होतं, म्हणून जपून होतं. आता ते बंगळूरला जाईल, तिथे कुणीतरी जेवताना आठवण काढून हसेल. तसंच व्हायला हवं. पण बाई, माझ्या एकटीचं असं तुमचं आता काही उरलेलं नाही, आणि उद्या सोमवार आहे.